स्वप्नाळू गाण्यातले लख्ख शब्द

स्वप्नाळू इंडी गाणं करायला घेतलं की पहिला हात जातो रिव्हर्बकडे. आवाज लांबवर गेला, गिटारच्या सुरांच्या कडा विरघळल्या, गायिका भिंतीपलीकडून गातेय असं वाटलं, की गाणं झालं असा समज आहे. मला तो पटत नाही. मराठीत गाणं स्वप्नासारखं व्हायचं असेल तर शब्द लख्ख ऐकू यायला हवेत. धूसर राहावा तो अर्थ. याचा पुरावा शोधायला नागपूरच्या गाणाऱ्यांना गावाबाहेर जावं लागत नाही.

माणिक गोडघाटे, म्हणजे कवी ग्रेस, 1937 साली नागपुरातच जन्मले. ‘संध्याकाळच्या कविता’ हा त्यांचा पहिला संग्रह 1967चा. दुर्बोध म्हणून ज्यांच्या नावाने बोटं मोडली गेली, त्यांच्याच कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींतून घरोघरी पोचल्या. ‘भय इथले संपत नाही’ लताबाईंनी ‘महाश्वेता’ मालिकेसाठी गायलं. ‘ती गेली तेव्हा’ हृदयनाथांनी स्वतः ‘निवडुंग’ चित्रपटात गायलं. या दुसऱ्या गाण्यातला शब्दन्‌शब्द कळतो, तरी कितीजण ते प्रेयसीच्या विरहाचं समजतात. कविता आईची आहे. आईचा उल्लेख असलेलं कडवं गाण्यात घेतलेलंच नाही. गूढ उरलं ते असं, आवाज पुसट करून नव्हे. शिवाय दोन्हींची पहिली ओळ मोजून पाहा: बरोबर 14 मात्रा. अशी ओळ 16 मात्रांच्या आवर्तनात बसवली की दोन मात्रा रिकाम्या राहतात. मिनिटाला 75 ठोके आणि ठोक्याला दोन मात्रा धरल्या, तर ही जागा 0.8 सेकंदाची. श्वास तिथेच घ्यायचा आणि शेवटच्या दीर्घ स्वराची आस तिथेच पसरू द्यायची. रिव्हर्बची खरी जागा ही, आणि ती लिहितानाच ठरलेली असते.

रेकॉर्डिंगमध्येही हाच हिशेब चालतो. अशी गाणी हळू आवाजात गातात, त्यामुळे माइकचा गेन वाढवावा लागतो, आणि गेन वाढला की खोलीही गाऊ लागते. नागपूरच्या मे महिन्यात ही खोली म्हणजे कूलर. त्याची घरघर आधी नीट ऐकूही येत नाही. कॉम्प्रेसर तिला वर उचलतो, रिव्हर्ब तिला लांबवतो, आणि मग ती ओळींमधल्या शांततेतच येऊन बसते. म्हणून टेकपुरता कूलर बंद, खिडकी बंद, गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड रजया, आणि गाणारा घामाने निथळलेला. इतकं सोसून कोरडा, स्वच्छ आवाज मिळवायचा तो त्यावर धुकं चढवता यावं म्हणून. चढवतानाही मूळ आवाज आणि रिव्हर्ब यांच्यात साधारण 40 मिलिसेकंदांचं अंतर, म्हणजे प्री-डिले, ठेवावं. ‘ठ’, ‘ळ’, ‘ण’ आधी कानावर पडतात, धुकं मागून येतं. रिव्हर्बचा खर्जाकडचा भागही कापावा, नाहीतर सगळा चिखल होतो.

यावर कॉक्टो ट्विन्स या बँडचं नाव पुढे येणार, आणि ते यायलाच हवं. 1990च्या ‘हेवन ऑर लास व्हेगस’ या त्यांच्या अल्बममध्ये गायिका एलिझाबेथ फ्रेझरचे शब्द फारसे लागत नाहीत, तरी गाणी विलक्षण आहेत. पण नीट ऐकलं तर तिचे उच्चार बोथट नाहीत, स्वरांची फेक टोकदार आहे. शब्द कळत नसले तरी गळा समोर उभा असतो. तिच्याकडून घ्यायची ती ही फेक. घेतली जाते मात्र रॉबिन गथ्रीच्या गिटारभोवतीची धूसरता, आणि तीच आवाजावर ओतली जाते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मात्रा मोजत बसलं तर इंडी गाण्याचं जुनं भावगीत होईल. होईलही, चाल तशी बांधली तर. पण मात्रा चाल ठरवत नाहीत, श्वासाची जागा ठरवतात. सिंथ, ड्रम मशीन, उलटी वाजवलेली गिटार खुशाल असू द्या. फक्त मिक्स करताना एकदा रिव्हर्ब पूर्ण बंद करून नुसता आवाज ऐकावा, आणि ओळ तशी उघडी तग धरत नसेल तर फेडर सोडून पुन्हा वहीकडे वळावं.