एकहाती दुकान, विनाकोड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०१३च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोतल्या रायन हूवर या तरुणाने लिंकीडिंक नावाची साधी सेवा वापरून एक ईमेल यादी सुरू केली. नवी, लक्षवेधी सॉफ्टवेअर उत्पादनं शोधायची आणि त्यांचे दुवे निवडक ओळखीच्या लोकांना पाठवायचे, एवढाच खटाटोप. त्यासाठी त्याला कोडची एक ओळही लिहावी लागली नाही. पुढे ‘प्रॉडक्ट हंट’ म्हणून नावारूपाला आलेला हा उद्योग २०१६मध्ये एंजललिस्टने विकत घेतला.

कोड न लिहिता तयार साधनांवर काम उभारायचं, या नो-कोड पद्धतीच्या चाहत्यांमध्ये ही गोष्ट वारंवार सांगितली जाते आणि तिचा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा लावला जातो: कोडिंगशिवाय आणि एकट्याच्या बळावर कंपनी उभी राहिली. प्रत्यक्षात यादीची वेबसाइट झाली तेव्हा ती कोड लिहूनच बांधली गेली आणि त्यासाठी प्रोग्रामिंग येणारा दुसरा माणूस सोबतीला आला. हूवरने कोडशिवाय जे साधलं ते याहून मोलाचं होतं. वेबसाइटवर मेहनत घेण्याआधी त्याने मागणी तपासून घेतली.

नो-कोडने एक काम नक्की कमी केलं, ते म्हणजे कोड लिहिण्याचं. माहितीची मांडणी, हिशोब, कर, सुरक्षितता, ग्राहकांच्या तक्रारी ही कामं होती तिथेच आहेत. एकट्याच्या व्यवसायात ती सगळी एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

हे सगळं काल-परवा आलं, हा त्यातला सर्वांत निरुपद्रवी समज. प्रोग्रामिंग न येणाऱ्या माणसाच्या हाती संगणकाची ताकद देणारं व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट १९७९चं. चेन्नईच्या झोहोने ‘क्रिएटर’ बाजारात आणलं ते २००६मध्ये. भारतातल्या छोट्या विक्रेत्यासाठी चित्र पालटलं ते मात्र २०१६मध्ये यूपीआय आणि २०१८मध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आल्यावर. पैसे घेणं आणि ग्राहकाशी बोलणं या दोन्ही अडचणी एका फोनात सुटल्या.

दुसरा समज मात्र महागात पडतो: कोड नाही, म्हणजे तांत्रिक विचारही नको. समजा, सांगलीतली एक गृहिणी हळद पूड आणि बेदाणे ऑनलाइन विकते. गूगल फॉर्मवर ऑर्डर येते आणि शीटमध्ये आपोआप एक ओळ भरली जाते. नाव, पत्ता, फोन आणि ‘काय हवं’ या रकान्यात ‘हळद १ किलो, बेदाणे अर्धा किलो’. पहिल्या पंचवीस ऑर्डरींपर्यंत सगळं सुरळीत चालतं. महिनाअखेरीला एकूण किती हळद गेली हे काढायला बसलं की घोडं अडतं, कारण एकाच चौकटीत दोन वस्तू कोंबल्यावर बेरीज होत नाही. तेच ग्राहक पुन्हा येतात, त्यांचे पत्ते बदलतात आणि कोणता पत्ता खरा ते कळेनासं होतं.

यावरचा उपाय कोणत्याही साधनात सारखाच आहे: तीन वेगळे तक्ते करायचे. पहिला ग्राहकांचा, दुसरा ऑर्डरींचा आणि तिसरा ऑर्डरमधल्या वस्तूंचा, ज्यात प्रत्येक वस्तूला स्वतःची ओळ. एअरटेबलसारख्या साधनात हे तक्ते एकमेकांना जोडता येतात. तिथेही एक बारीक खाच आहे. ऑर्डरची रक्कम वस्तूंच्या दरपत्रकातून थेट उचलली, तर दिवाळीत हळदीचा दर वाढवताच गणपतीतल्या जुन्या ऑर्डरींच्या रकमाही बदलतात. म्हणून विक्रीच्या क्षणीचा दर त्या ओळीत वेगळा नोंदवून ठेवावा लागतो. प्रोग्रामर हीच गोष्ट डेटाबेसच्या पहिल्या धड्यात शिकतो. नो-कोडवाल्यालाही ती शिकावीच लागते, आणि आठवडाभर डोकं घातलं तर शिकता येते. कोडिंगची भीती वाटणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं.

पैशांचंही तसंच. यूपीआयने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट मागवायचा आणि तो पाहून पार्सल रवाना करायचं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. पण हुबेहूब खोटे स्क्रीनशॉट बनवणं अवघड राहिलेलं नाही. पेमेंट लिंक वापरली तर रक्कम खरोखर मिळाल्यावर पेमेंट गेटवे एक स्वयंचलित निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. त्यावरून तक्त्यातल्या ‘पैसे आले’ या रकान्यात आपोआप खूण होते. एकाच व्यवहाराचा निरोप कधी कधी दोनदाही येतो. त्यामुळे हा व्यवहार आधी नोंदला आहे का, ही तपासणी आपोआप चालणाऱ्या कामांच्या या साखळीत घातली नाही, तर एकाच ग्राहकाला दोन पार्सलं जाऊ शकतात.

हे फुकटात होतं का? सुरुवात होते. पण अशी साखळी जोडून देणाऱ्या झॅपिअरच्या फुकट योजनेत महिन्याला १०० कामं मिळतात, ऑर्डरी नव्हेत. एका ऑर्डरमागे शीटमध्ये नोंद, ग्राहकाला ईमेल आणि कुरिअरवाल्याला निरोप अशी तीन कामं धरली, तर तेहतीस ऑर्डरींत कोटा संपतो. एअरटेबलच्या फुकट योजनेत एका बेसमध्ये, म्हणजे तक्त्यांच्या एका संचात, १,००० नोंदी मावतात, आणि तीन तक्ते केले की त्या भराभर भरतात. पुढच्या योजनांची बिलं बहुधा डॉलरमध्ये येतात. त्यातच २०२१च्या ऑक्टोबरपासून दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. कार्डावर रीतसर ई-मँडेट, म्हणजे अशा कपातीची पूर्वपरवानगी, नोंदलेला नसेल, तर परदेशी सेवेचं मासिक बिल बँक नाकारू शकते आणि ऐन सणात साखळी बंद पडू शकते. गेटवेचं शुल्क साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी. पाचशेच्या ऑर्डरीमागे बारा रुपयांच्या आसपास. किंमत ठरवतानाच हा खर्च धरलेला बरा.

“मोठ्या कंपनीचं साधन आहे, म्हणजे सुरक्षितच असणार” हा समज २०२१च्या ऑगस्टमध्ये जाहीरपणे खोटा ठरला. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर अ‍ॅप्सवर बांधलेल्या ४७ संस्थांच्या पोर्टलांमधून मिळून ३ कोटी ८० लाख नोंदी इंटरनेटवर उघड्या पडल्याचं अपगार्ड या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं. त्यांत अमेरिकन एअरलाइन्स, फोर्ड आणि अमेरिकेतल्या काही राज्यांची सरकारी खातीही होती. कुणी हॅकरने भिंत फोडलेली नव्हती. तक्त्यांच्या परवानग्या मुळात बंद नव्हत्या आणि बांधणाऱ्यांनी त्या बंद केल्या नाहीत, इतकंच. आपल्याकडे ‘लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल’ हा पर्याय निवडून ग्राहकांची अख्खी यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली जाते, तो याच चुकीचा घरगुती अवतार. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३मध्ये झाला आहे, त्यामुळे ही बाब आता निव्वळ निष्काळजीपणाची राहिलेली नाही.

साधन कायम राहील, असंही गृहीत धरू नये. गूगलचं अ‍ॅप मेकर १९ जानेवारी २०२१ रोजी बंद झालं. त्यातली माहिती बाहेर काढता येत होती, पण बांधलेली अ‍ॅप्स जशीच्या तशी दुसरीकडे हलवण्याची सोय नव्हती. २०२३मध्ये बबल या नो-कोड साधनाने आकारणीची पद्धतच बदलली, तेव्हा अनेक ग्राहकांना खर्चाचं गणित नव्याने मांडावं लागलं. म्हणून साधन निवडताना पहिला प्रश्न विचारावा: माझी सगळी माहिती सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घेता येते का? दुसरा प्रश्न डोमेनचा. ते स्वतःच्या नावावर असेल, तर दुकान हलवलं तरी पत्ता तोच राहतो.

आता एआय आलं, सांगितलं की बांधून देतं, मग हे सारं कालबाह्य झालं, असं म्हणणारेही आहेत. २०२५च्या जुलैमध्ये जेसन लेमकिन या गुंतवणूकदाराने रेप्लिटच्या एआय मदतनिसाकडून अ‍ॅप बांधून घेताना बदल थांबवायला सांगितलं होतं, तरीही त्या मदतनिसाने चालू डेटाबेस पुसून टाकला. वर माहिती परत मिळणार नाही, असंही सांगितलं. प्रत्यक्षात ती परत मिळवता आली. पण ते सांगणं चूक आहे हे ओळखायला माणूसच लागला.

कायद्याबद्दलचा गैरसमज सर्वांत व्यापक आहे. “चाळीस लाखांपर्यंत जीएसटी नाही” हे वाक्य प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतं. ही मर्यादा महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीला आहे खरी, पण राज्यातल्या राज्यात. सांगलीची हळद पूड बेंगळुरूला पाठवली, की ती करपात्र वस्तूची आंतरराज्य विक्री होते, आणि कायद्याच्या कलम २४नुसार उलाढाल कितीही छोटी असली तरी नोंदणी घ्यावीच लागते. हस्तकलेच्या वस्तूंसारखे मोजकेच अपवाद आहेत. सेवांचं तसं नाही. पुण्यात बसून बडोद्याच्या किंवा इंदूरच्या मराठी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्याला वीस लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. एकाच खोलीतून, एकाच लॅपटॉपवर चालणाऱ्या या दोन व्यवसायांचे नियम इतके वेगळे आहेत. वेबसाइटची रंगसंगती ठरवण्याआधी कर सल्लागाराला अर्धा तास भेटावं ते यासाठी. हळदीच्या पाकिटासाठी एफएसएसएआयची नोंदणी वेगळी, घरच्या स्वयंपाकघरात भरलं तरी. आणि पाकिटावर वजन, किंमत, भरणाऱ्याचं नाव आणि पत्ता हवा, हे वैधमापनशास्त्राचे नियम सांगतात.

कंपनी काढल्याशिवाय सुरुवात करता येत नाही, हाही समजच. मालकी व्यवसाय स्वतःच्या पॅनवर सुरू होतो. ‘उद्यम’ नोंदणी मोफत असते आणि आधारवर होते, त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहावं. कंपनीच हवी, तर २०१३च्या कंपनी कायद्याने एक-व्यक्ती कंपनीची सोय केली आहे. १ एप्रिल २०२१पासून तिच्यावरची ५० लाखांच्या भांडवलाची आणि २ कोटींच्या उलाढालीची मर्यादा उठली. दरवर्षीचं लेखापरीक्षण आणि विवरणपत्रं मात्र चुकत नाहीत.

या कंपनीची नोंदणी करताना एक नाव द्यावंच लागतं, ते म्हणजे नॉमिनीचं. एकटा मालक दगावला किंवा अक्षम झाला, तर कंपनी कुणाच्या हाती जाईल, हे कायदा पहिल्याच दिवशी विचारतो. मालकी व्यवसायात हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि नो-कोड साधनंही विचारत नाहीत. सगळी खाती एकाच ईमेलवर असतात आणि सगळे ओटीपी एकाच फोनवर येतात. तो फोन पंधरा दिवस रुग्णालयात बंद पडून राहिला, तर पैसे येत राहतात, पार्सलं मात्र जात नाहीत. गूगलचा इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर विश्वासातल्या माणसाला खात्यातली माहिती देतो, पण किमान तीन महिने हालचाल नसेल तरच. मधल्या काळासाठी ऑर्डरींच्या तक्त्यावर, डोमेनच्या खात्यावर आणि पेमेंट गेटवेवर घरातल्या किंवा विश्वासातल्या दुसऱ्या व्यक्तीला आजच अधिकार देऊन ठेवावे लागतात. ऑर्डर आल्यापासून पार्सल कुरिअरच्या हाती जाईपर्यंत काय काय करायचं, हे पानभर मराठीत लिहून तिच्याकडे द्यावं लागतं.