मांजर हरवलं? आधी चाळीस पावलांत शोधा

कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा ज्यांना वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथे माझी गाडी घसरली तिथे थोडं सावरलंय, बाकी जसंच्या तसं.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमची चिंगी गायब झाली. आम्ही दारव्ह्याचे. गल्लीत सुतळी बॉम्ब सुरू झाले, दार उघडं राहिलं आणि ही पसार. मग आम्ही काय केलं? तेच, जे तुम्ही पण कराल. मी फोटो टाकून स्टेटस ठेवलं, चौदा व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉरवर्ड केलं. भाऊ गाडी घेऊन बसस्टँडपर्यंत हिंडून आला. आई देवापुढे बसली. "येईल व ती, मांजर घर सोडत नाही," असं शेजारचे सगळे म्हणत होते. पण मला गब्बर आठवत होता. तो आमचा आधीचा बोका. तीन वर्षांपूर्वी गेला तो गेलाच. येईल येईल म्हणत आम्ही आठ दिवस वाट पाहिली होती, आणि खरं सांगते, शोधलं असं काहीच नव्हतं.

तिसऱ्या रात्री दोन वाजता मी टॉर्च घेऊन एकटीच निघाले. तीन घरं सोडून एका काकूंची कापसाची खोली आहे. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे काय असतं माहितीये ना, वेचणीचा कापूस भाव येईपर्यंत घरातच भरून ठेवतात. खिडकीच्या जाळीतून टॉर्च मारला तर कापसाच्या ढिगावर दोन हिरवे दिवे चमकले. चिंगी! काकू भाऊबीजेला माहेरी जाताना खोलीला कुलूप लावून गेल्या आणि ही आत राहिली. आमच्या दारापासून मोजून चाळीस पावलं. दिवसा मी त्याच खिडकीखालून तिला हाका मारत चार वेळा गेले होते, आणि ती एकदाही म्याव म्हणाली नव्हती.

काऊन म्हणाली नसेल? इथेच आपण सगळे चुकतो. आपल्याला वाटतं, हाक ऐकली की मांजर ओरडेल, धावत येईल. घाबरलेलं मांजर याच्या बरोब्बर उलट वागतं. ते जवळात जवळ जी अंधारी सांद सापडेल तिच्यात शिरतं आणि चिडीचूप बसतं. मांजर शिकारी आहे हे खरं, पण ते लहान आहे, त्याचीही शिकार होऊ शकते. आवाज केला तर कुत्र्याला पत्ता लागेल, हे त्याच्या रक्तात आहे. जपानमध्ये 2013 साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. वीस पाळीव मांजरांना अनोळखी माणसांच्या आणि मालकाच्या हाकांचं रेकॉर्डिंग ऐकवलं. मांजरांनी मालकाचा आवाज ओळखला, कान हलवले, मान वळवली. पण उठून आवाजाकडे जायच्या फंदात ती सहसा पडली नाहीत. म्हणजे घरात, मजेत असतानाही हा थाट. घाबरल्यावर काय उत्तर देणार?

मग ते जातं किती लांब? याचा नीट अभ्यास 2018 साली 'ॲनिमल्स' नावाच्या जर्नलमध्ये आला, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांचा. त्यांनी हरवलेल्या 1210 मांजरांची माहिती मालकांकडून गोळा केली. जी सापडली त्यातली तीन चतुर्थांश जिथून गेली तिथून 500 मीटरच्या आतच होती, आणि निम्मी तर 50 मीटरच्या आत. सुमारे एक तृतीयांश मांजरं पहिल्या सात दिवसांत जिवंत मिळाली, वर्षभरात 61 टक्के. आणि ज्यांनी स्वतः पायी फिरून शोधलं, त्यांना मांजर मिळण्याची शक्यता जास्त होती. आता ही आकडेवारी परदेशातली. तिकडे घरं बंद, मांजरं बंद. आपल्याकडे मांजर चार घरांत जेवतं, माळ्यावर झोपतं. त्यामुळे आकडे जसेच्या तसे लागू होतील असं मी म्हणत नाही. पण दिशा तीच. बसस्टँड नंतर, शेजारचा माळा आधी.

हां, बोक्याचं गणित वेगळं. वयात आलेला बोका मादीच्या आणि स्वतःच्या हद्दीच्या शोधात खरंच लांब जातो. याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे, फक्त मांजर जरा मोठं आहे. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला. 2019 च्या जूनमध्ये तो निघाला, तेलंगणात गेला, परत महाराष्ट्रात आला आणि डिसेंबरमध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे 1300 किलोमीटर! लोकांनी त्याचं नावच 'वॉकर' ठेवलं. तुमचा बोका बुलडाण्याला जाणार नाही, पण ओढ तीच. नसबंदी केलेले बोके बरेच कमी भटकतात. आमच्या गब्बरची केली नव्हती. "कशाला त्रास द्यायचा मुक्या जीवाला" म्हणत राहिलो.

आणि मादी पोटुशी असेल तर ती हरवलेली नसते, जागा शोधत असते. मांजर सात घरं पिल्लं फिरवते असं आपल्या आज्या म्हणतात ना, त्यात तथ्य आहे. सात हा आकडा सोडा, पण धोका वाटला की ती पिल्लं तोंडात धरून जागा बदलते.

आता शोधायचं कसं? रात्री. गाड्या, टीव्ही, कुत्री सगळं शांत झाल्यावर. टॉर्च आपल्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचा, कारण मांजराच्या डोळ्यात मागे आरशासारखा पडदा असतो, उजेड पडला की तो परत आपल्याकडेच येतो. कूलरच्या मागे, पऱ्हाट्यांच्या ढिगात, कुटारात, जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे बघा. पाच मिनिटं हाका न मारता नुसतं उभं राहून ऐका. शेजाऱ्यांना "मांजर दिसलं का?" विचारू नका, ते "नाही" म्हणून मोकळे होतात. "काकू, मी तुमची बंद खोली एकदा उघडून बघू का?" असं विचारा. लाजू नका. उन्हाळ्यात तर अजिबात नाही. मे महिन्यात टिनाच्या खोलीत पाण्याविना अडकलेल्या मांजराकडे फार वेळ नसतो.

फोनचं काय? फोटो जरूर टाका, पण एक खूण मनातच ठेवा. शेपटीच्या टोकावरचा पांढरा ठिपका, तुटकी नखी, काहीही. कारण "तुमचं मांजर माझ्याकडे आहे, आधी दोन हजार गुगल पे करा" असे फोन येतात. त्यांना ती खूण विचारा, लगेच फोन कट होतो. आणखी एक गैरसमज. कातडीखाली बसवायची मायक्रोचिप म्हणजे जीपीएस नाही. तिच्यात फक्त एक नंबर असतो, तो मशीन जवळ नेल्याशिवाय वाचता येत नाही. एअरटॅगचंही तसंच, आसपास ॲपलचे फोन असले तरच त्याचा ठावठिकाणा कळतो. आमच्या गल्लीत आयफोन किती, हे सांगायची गरज नाही.

सापडल्यावर झडप घालू नका. घाबरलेलं मांजर स्वतःच्या माणसालाही चावतं. चावलं किंवा ओरखडलं तर साबणाच्या वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जा, "आपलंच तर आहे" म्हणून टाळू नका. मांजराला एकदम वाटीभर खायला देऊ नका, थोडं थोडं द्या. दोन-तीन दिवस पोटात काही नसेल तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, उपाशी राहिल्यानं मांजराचं लिव्हर बिघडू शकतं.

चिंगीला त्या रात्री लगेच काढता आलं नाही. किल्ली काकूंच्या पुतण्याकडे, तो पहाटे पाचला उठला. तोपर्यंत मी खिडकीतून बोंबलाचे तुकडे टाकत बसले होते. दोन दिवसांनी काकू आल्या, खोली उघडली आणि म्हणाल्या, "चार-पाच किलो कापूस नासवला व तुह्या मांजरीनं!" बाबा पैसे द्यायला गेले, त्यांनी घेतले नाहीत. पण आता खोलीला कुलूप लावायच्या आधी त्या अंगणातूनच ओरडतात, "चिंगी घरी हाय काय व?"