गोमंतकांतील भाषेची हानि व सरकारचें उत्तरदायित्व

भाषेच्या हानीस काळ जबाबदार कीं राज्यकर्ता, हा प्रश्न बहुधा संदिग्ध राहतो. गोमंतकाच्या बाबतींत मात्र लेखी पुरावा आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें ता. २७ जून १६८४ रोजीं एतद्देशीयांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असें फर्माविलें.

या हुकुमानें लोकांची बोली मेली नाहीं. ती घरांतून व शेताभातांतून चालूच राहिली. खुंटली ती लेखनपरंपरा. फादर स्टीफन्सचें क्रिस्तपुराण १६१६, १६४९ व १६५४ असें तीन वेळां छापलें गेलें. परंतु त्यांपैकीं एकही छापील प्रत आज ज्ञात नाहीं. हा नाश केवळ हुकुमामुळेंच झाला, असें आम्ही म्हणत नाहीं. पण जी भाषा सरकारनें टाकाऊ ठरविली, तिचीं पुस्तकें जतन कोण करणार? या पुराणाची एक देवनागरी हस्तलिखित प्रत मार्सडेनच्या संग्रहांतून लंडनला पोंचली आहे. रामायण-महाभारताच्या जुन्या कोंकणी गद्य कथा रोमन लिपींत पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयांत आहेत. त्यांचे कांहीं भाग प्रकाशांत आले, ते विद्वानांच्या परिश्रमानें.

हा दोष पदरीं घालणारा पुरुष त्याच सरकारचा सेक्रेटरी होता, हें विशेष. कुन्य रिव्हार यानें १८५८ सालीं कोंकणीवरील ऐतिहासिक निबंध प्रसिद्ध करून भाषेच्या छळाचा इतिहास उघड केला व तिच्या पुनरुज्जीवनाचा पुरस्कार केला.

पोर्तुगीज सत्ता १९६१ सालीं संपली. १९८७ चा राजभाषा कायदा व १९९२ सालीं आठव्या परिशिष्टांत झालेला समावेश यांनीं कोंकणीस प्रतिष्ठा मिळाली. तथापि तेवढ्यानें तुटलेली ग्रंथपरंपरा जुळत नाहीं. जें सरकारी हुकुमानें मोडलें, तें सरकारी खर्चानेंच सांधलें पाहिजे, असें आमचें मत आहे. पोर्तुगालनें आपल्याकडील पोथ्यांच्या प्रतिमा विनामूल्य द्याव्या. भारत व गोवा सरकारांनीं त्या देवनागरींत सटीप छापाव्या. जो दप्तराचा वारस, तो ऋणाचाही वारस होय.

संग्राहकांस आमची एवढीच विनंति कीं, आपल्या घरच्या गोयकानडी व मोडी कागदांची यादी करावी. मागणी करणाऱ्याच्या हातीं पुरावा असावा लागतो.