जीपीयूवरचे प्रोग्राम आणि त्यांतल्या चुकांचा शोध

ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजेच जीपीयू, मुळात पडद्यावरची चित्रे रंगवण्यासाठी तयार झाला. पडद्यावर लाखो ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग काढण्याचे गणित जवळपास एकसारखे असते. म्हणून या चिपमध्ये गणिताचे हजारो छोटे घटक एकाच वेळी कामाला लावलेले असतात. एनव्हिडियाच्या ए-१०० या चिपमध्ये असे ६,९१२ घटक आहेत. २००७ मध्ये या कंपनीने ‘क्यूडा’ ही प्रणाली आणली आणि चित्रांपलीकडची गणितेही जीपीयूवर करणे सोपे झाले. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक ए-१०० चिपांवरच चालतो. नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील ५०० महासंगणकांच्या यादीत त्याचा क्रमांक ६३ वा होता.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात होणारी, गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीची ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा याच प्रकारच्या गणिताशी जोडलेली आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरींचा संकेत गोंगाटात बुडालेला असतो. तो ओळखायचा तर संभाव्य संकेतांचे नमुने आधी गणिताने तयार करून एकेक नमुना नोंदींशी ताडून पाहावा लागतो. या पद्धतीच्या पायाभरणीचे काम पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ च्या सुमारास केले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली, तेव्हाच्या शोधात असे सुमारे अडीच लाख नमुने वापरले गेले. नमुना बदलतो, गणित तेच राहते. म्हणून हे काम जीपीयूला मानवते. या शोधासाठी वापरली जाणारी ‘पायसीबीसी’ ही मुक्त प्रणाली साध्या प्रोसेसरप्रमाणे जीपीयूवरही चालू शकते.

असा प्रोग्राम यंत्राला समजेल अशा रूपात आणणे म्हणजे कंपाइल करणे. क्यूडाचा कंपायलर आधी प्रोग्रामचे दोन भाग करतो. मुख्य प्रोसेसरवर चालणारा भाग नेहमीच्या सी++ कंपायलरकडे जातो. जीपीयूवर चालणाऱ्या भागाला ‘कर्नल’ म्हणतात. त्याचे आधी ‘पीटीएक्स’ या मधल्या भाषेत रूपांतर होते आणि मग विशिष्ट चिपच्या आज्ञांमध्ये. फाइलमध्ये पीटीएक्स ठेवलेले असेल, तर पुढे आलेल्या नव्या कार्डासाठी ड्रायव्हर त्यावरून ऐनवेळी नव्या आज्ञा तयार करतो. त्यामुळे जुना प्रोग्राम नव्या कार्डावरही चालतो.

कंपाइल झालेला प्रोग्राम बरोबरच असतो असे नाही. कर्नलची एकाच वेळी चालणारी प्रत्येक प्रत म्हणजे ‘थ्रेड’ आणि थ्रेडांचा गट म्हणजे ‘ब्लॉक’. समजा, १,००० आकड्यांवर काम करायचे आहे आणि एका ब्लॉकमध्ये २५६ थ्रेड आहेत. चार ब्लॉक घेतले की थ्रेड होतात १,०२४. ‘आपला क्रमांक १,००० पेक्षा कमी असेल तरच काम कर’ ही अट लिहायची राहिली, तर उरलेले २४ थ्रेड हद्दीबाहेरच्या मेमरीत लिहितात. बहुतेकदा प्रोग्राम थांबतही नाही. फक्त कुठली तरी वेगळीच संख्या बिघडते.

दुसरी अडचण वेळेची. मुख्य प्रोसेसर जीपीयूला काम सोपवून लगेच पुढे जातो. कर्नलमधली चूक नंतर, भलत्याच ओळीवर उघड होते. म्हणून चूक शोधताना प्रत्येक कर्नल संपेपर्यंत प्रोसेसरला थांबायला लावतात. प्रोग्राम मंदावतो, पण दोषाची खरी जागा कळते.

तिसरा दोष थ्रेडांच्या चढाओढीचा. एकूण बेरीज १० असताना दोन थ्रेडांनी ती एकाच वेळी वाचली आणि प्रत्येकाने १ मिळवून परत लिहिली, तर उत्तर १२ ऐवजी ११ येते. हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. ‘कंप्यूट सॅनिटायझर’ हे साधन हद्दीबाहेरचे लेखन आणि ब्लॉकच्या सामायिक मेमरीतील अशी चढाओढ पकडून देते. ‘क्यूडा-जीडीबी’मध्ये प्रोग्राम मध्येच थांबवून हव्या त्या थ्रेडमधली मूल्ये पाहता येतात. मात्र डीबगिंगसाठी कंपाइल करताना वेगासाठीच्या सुधारणा बंद होतात, थ्रेडांची वेळ बदलते आणि कधी कधी दोषच दिसेनासा होतो.

आकडा वेगळा आला म्हणजे चूकच झाली, असेही नाही. ३२ बिटांच्या तरत्या बिंदूच्या (फ्लोटिंग-पॉइंट) गणितात १,६७,७७,२१६ मध्ये १ मिळवला तर संख्या बदलत नाही. पुन्हा १ मिळवला तरी तीच राहते. आधी १ आणि १ मिळवून २ केले, तर मात्र उत्तर १,६७,७७,२१८ येते. हजारो थ्रेडांत बेरजेचा क्रम ठरलेला नसेल, तर शेवटचे अंक हलतात. म्हणून किती फरक चालेल, याची मर्यादा आधी ठरवूनच उत्तरे ताडायची असतात.

शेवटची खात्री तुलनेतून होते. तेच गणित साध्या प्रोसेसरवर, सावकाश पण सरळ पद्धतीने करून दोन्ही उत्तरे शेजारी ठेवतात. लायगोच्या कामात याच्या पुढची कसोटीही आहे: नोंदींमध्ये आधीच माहीत असलेला कृत्रिम संकेत मिसळतात आणि प्रोग्राम तो नेमका शोधतो का, हे पाहतात. मिसळलेला संकेत ज्याला सापडत नाही, त्या प्रोग्रामने आकाशातला संकेत सापडल्याचे सांगितले तरी त्यावर विसंबता येत नाही. हिंगोलीतल्या नोंदी उद्या कोणत्याही संगणकावर तपासल्या गेल्या, तरी ही कसोटी टळणार नाही.