आलेखातील रेषेचा चढ

वरच्या वर्गांत आलेख शिकविताना असे आढळून येते की, बहुतेक विद्यार्थी बिंदू अचूक मांडतात व रेषाही नीट ओढतात. परंतु ती रेषा काय सांगते असे विचारताच गोंधळतात. रेषा किती उंचीवर आहे आणि ती किती वेगाने चढते, या दोन गोष्टींत त्यांना भेद करता येत नाही. हा भेद स्पष्ट करणे हाच या पाठाचा मुख्य हेतू होय.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणारी वैनगंगा येथे चांगले उदाहरण पुरविते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे या नदीला मोठा पूर आला व काठावरील अनेक गावांत पाणी शिरले. अशा वेळी पाणी किती आहे एवढे कळून भागत नाही; ते किती वेगाने चढत आहे, हेही कळावे लागते.

समजा, पुलाच्या खांबावरील मीटरच्या पट्टीवर सकाळी ६ वाजता पाणी २ मीटर, ८ वाजता २.४ मीटर आणि १० वाजता ३.४ मीटर आहे. आडव्या अक्षावर वेळ व उभ्या अक्षावर पाण्याची उंची घेऊन हे बिंदू जोडावेत. पहिल्या दोन तासांत उंची ०.४ मीटरने वाढली, ०.४ ला २ ने भागल्यास ताशी ०.२ मीटर येते. पुढील दोन तासांत वाढ १ मीटर, म्हणजे ताशी ०.५ मीटर. उभ्या अंतरातील फरकास आडव्या अंतरातील फरकाने भागून येणारी ही संख्या म्हणजेच रेषेचा चढ. पाणी स्थिर राहिल्यास चढ शून्य व ओसरू लागल्यास ऋण येतो, मग पाणी कितीही उंच असो.

गावाचा रस्ता ५.४ मीटरवर बुडत असेल, तर १० वाजता आणखी २ मीटर उरतात. चढ ताशी ०.५ राहिल्यास हाती ४ तास आहेत, ०.२ असता तर १० तास मिळाले असते. चढ बदलू शकतो, यास्तव नवी नोंद मिळताच हिशेब पुन्हा करावा, हेही सांगावे.

रेषा नुसती पाहून चढ ठरवू नये. उभ्या अक्षाचे प्रमाण बदलले की तीच रेषा अधिक उभी वा आडवी दिसते. भागाकार मात्र बदलत नाही.

सरावासाठी जनगणनेचे आकडे द्यावेत. १९८२ मध्ये निर्माण झालेल्या गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ मध्ये ७,८७,०१०, २००१ मध्ये ९,७०,२९४ आणि २०११ मध्ये १०,७२,९४२ होती. पहिल्या दशकातील चढ वर्षाला सुमारे १८,३२८, तर दुसऱ्यातील सुमारे १०,२६५ येतो. रेषा वर गेली, पण चढ कमी झाला. हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून काढावे.

पुराच्या वेळी विद्यार्थ्यांना नदीकाठी मुळीच नेऊ नये. सरळ कडेच्या डब्यात प्रथम मिनिटाला एक पेला, मग मिनिटाला दोन पेले पाणी ओतून दर मिनिटाची उंची पट्टीने मोजावी. दुसरी रेषा दुप्पट चढाची का आली, याचे उत्तर वर्गाकडूनच घ्यावे.