जुन्या कानशीची नवी पटाशी

दात झिजलेली कानस भंगारवाल्याच्या तराजूत पडली, की तिचे मोल केवळ वजनावर ठरते. वास्तविक झिजलेले असतात ते दात. आतील पोलाद जसेच्या तसे असते. चांगल्या कानशीत कर्बाचे प्रमाण शेकडा एक ते सव्वा असते, आणि सुताराच्या पटाशीला असेच पोलाद लागते.

मात्र या पोलादाचा स्वभाव ओळखल्यावाचून त्यास हात घालू नये. माझ्या एका विद्यार्थ्याने कानशीचे टोक घासून छिन्नी केली व तिच्यावर हातोडा मारला. पोलादाची कपची उडून त्याच्या चष्म्यावर आदळली. काच तडकली, डोळा वाचला. दोष माझाच होता. मी त्याला कानस दिली होती. तिची माहिती दिली नव्हती.

पोलाद लालबुंद तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडविले, की कर्बाचे अणू लोहाच्या रचनेत अडकून पडतात. पोलाद कठीण होते, आणि त्याचबरोबर ठिसूळही. यालाच लोहार ‘पाणी देणे’ म्हणतात. कानशीने केवळ घासायचे असते. घाव सोसायचे नसतात. म्हणून तिचे पाणी कडक ठेवलेले असते. पटाशीवर मोगरीचे घाव पडतात. तेव्हा तिचे पाणी थोडे उतरविले पाहिजे.

त्याची रीत सोपी आहे. कानशीवरील तेलकटपणा पुसून तिची एक बाजू घासून लखलखीत करावी. मग जाड लोखंडी तव्यावर ठेवून ती सावकाश तापवावी. चकाकत्या भागावर वाळल्या गवताचा फिकट पिवळा रंग चढला, की उष्णता सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअस झाली असे समजावे व कानस तत्काळ उतरवावी. रंग निळा झाला, तर उष्णता ३०० अंशांच्या घरात गेली. पटाशीची धार आता टिकावयाची नाही.

पुढे धारेजवळचे दात दोन्ही बाजूंनी पुरते घासून काढावेत, कारण त्यांच्या खाचांतूनच तडा सुरू होतो. सहाणेच्या चाकावर सुमारे २५ अंशांचा उतार द्यावा. क्षणाक्षणाला टोक पाण्यात बुडवावे. अखेरीस लाकडी मूठ बसवावी. या सर्व कामात डोळ्यांवर चष्मा हवाच.

लोखंड तोडण्याची छिन्नी मात्र कानशीची करू नये. तिच्यासाठी मोटारीच्या कमानीचा पाटा बरा. त्यात कर्ब कमी, सुमारे शेकडा ०.६, आणि चिवटपणा अधिक असतो. तो लोहाराकडूनच घडवून घ्यावा. बेअरिंगच्या कड्यावर तर हातोडा कधीच मारू नये. तेही कानशीसारखेच ठिसूळ असते.

टाकाऊ वस्तूला दुसरे आयुष्य देणे हे पुण्याचेच काम आहे. पण तिचे पहिले आयुष्य कोणत्या कामात गेले, हे आधी विचारून घ्यावे.