सड्यावरची पाळी

सकाळी साडेसहा. जून सरत आलाय, मुक्काम आंबोली. रात्री चुलीवर टांगलेली पँट काही वाळली नाही, तिला नुसता धुराचा वास लागला. इथं वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. कोरड्या कपड्यांची हौस असणाऱ्यानं या कामात पडू नये. घावणे, चहा, निघालो. अंगाला डास पळवणारं मलम मात्र लावायचं नाही. बेडकाला हात लागलाच तर ते त्याच्या कातडीतून थेट आत जातं.

आठ. सडा. वर धुकं, खाली जांभ्याचा काळपट कातळ आणि त्यावर नुकतं उगवलेलं गवत. सातबाऱ्यावर असली जमीन बहुतेक ‘पोटखराबा’ म्हणून, म्हणजे लागवडीला निकामी म्हणून लागते. आम्ही जिच्यामागे फिरतो ती आंबोली टोड ही भेकी इथलीच, झँथोफ्रायनी टायग्रिना. अंगठ्याएवढा जीव, पाठभर पुटकुळ्या आणि कुशीवर वाघाचे वाटावेत असे पिवळे पट्टे. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये तिची जगाला ओळख करून दिली. तिची सख्खी बहीण एकच, कोयनेकडची. ती 1963 पासून माहीत होती. दोघी सह्याद्रीबाहेर कुठेच नाहीत, आणि आंबोलीची तर अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे.

नऊपासून एकपर्यंत गुडघ्यांवर. कातळातल्या खळग्यांत पावसाचं पाणी साचतं, कुठे ताटभर, कुठे ओंजळभर. पट्टी उभी धरायची, खोली वाचायची, पेन्सिलीनं टिपायची (शाई पाच मिनिटांत वाहून जाते). हा खळगा दोन सेंटिमीटर. डोकं पाण्याला टेकेल इतकं खाली वाकलं की तळाच्या बारीक गाळावर अंडी दिसतात: पारदर्शक गोळीत एकेक काळा ठिपका. नेहमीची भेकी एका विणीत हजारोंनी अंडी घालते, ही जेमतेम तीस-चाळीस. एवढ्याशा पाण्यात हजारांचं पोट भरलं नसतं, असं आपलं माझं मत. इथं मासा नाही, ही मोठी सोय. पण पावसानं दोन दिवस दडी मारली आणि ऊन पडलं की सगळा संसार कातळाला चिकटतो. बाटलीतलं पाणी ओतावंसं वाटतं. ओतायचं नाही, मग मोजायचं काय?

दुपार जेवणात आणि नोंदी उतरवण्यात जाते.

चार. शनिवार असल्यानं धबधब्याकडून उरलेली गर्दी वर येते. गाड्या थेट सड्यावर. कुणी सपाट दगड उचलून एकावर एक मनोरा रचतंय, फोटोसाठी. उन्हाळाभर टोड याच सुट्या दगडांखाली ओलावा धरून बसते. सांगितलं तर ऐकतात, हेही खरं. “काका, इथं काहीच नाही वाटलं,” असं एक मुलगी म्हणाली आणि आपला मनोरा तिनंच उतरवला. दगड होते तिथं, होते त्याच कुशीवर ठेवायचे, एवढंच दाखवावं लागलं.

साडेसात. विजेऱ्या. खळग्याच्या काठाला नर बसलेत. पट्टे मोजायला फोटो पुरतो, पकडायची गरज नाही. करवंदीच्या जाळीत एक चापडा साप वेटोळं करून आहे. त्याचीही पाळी रात्रीचीच, त्याला वळसा घालून पुढे.

दहा. परतताना सावंतवाडी-बेळगाव रस्त्याच्या कडेनं चालत, चाकाखाली गेलेले बेडूक नोंदवायचे. या कामाचा मला मनापासून कंटाळा आहे. काही इतके चपटे झालेले असतात की जात ओळखू येत नाही. तिथं फक्त ‘बेडूक’ लिहितो.

साडेअकरा. वीज आलीय, बॅटऱ्या चार्जिंगला. उद्यापासून दोन दिवस उघाड असल्याचा अंदाज आहे, त्यामुळे हॉटेलवाले खुशीत. आम्ही गजर तासभर अलीकडे आणलाय. उन्हाआधी त्या दोन सेंटिमीटरच्या खळग्यावर पट्टी लावायची आहे.